न फडकलेले लाल निशाण

१४ एप्रिलला शाळांना सुट्टी असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीच्या कार्यक्रमांत तो दिवस जातो. त्याच दिवसापासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. या सप्ताहासाठी हीच तारीख का निवडली? १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या मालवाहू जहाजाला आग लागली. ती विझवताना जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशामक दलाचे ६६ जवान ठार झाले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळला जातो.

या स्फोटाची हकिगत अनेकांनी ऐकलेली असते. आकाशातून सोन्याच्या विटा पडल्या, हा तिचा सर्वांत प्रसिद्ध भाग. त्या विटांबद्दल आम्ही पुढे थोडे सांगूच. पण विज्ञान शिकवणाऱ्यांच्या दृष्टीने या घटनेत एक वेगळाच प्रश्न दडलेला आहे. सत्तेवर असलेल्या सरकारला लाज आणणारा एखादा तांत्रिक अपघात घडतो, आणि लोकांनी काय छापावे, काय बोलावे हे ठरवण्याची ताकद त्या सरकारच्या हाती असते. अशा वेळी ते काय लपवते? आणि त्याला खरोखर काय लपवता येते? या दोन प्रश्नांची उत्तरे एक नाहीत.

पाऊण मिनिट आणि एक महिना

आधी थोडे गणित करू. नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर मुंबईची गोदी आमच्या शिरूर कासारपासून सरळ रेषेत सुमारे २७० किलोमीटर आहे. पहिला मोठा स्फोट दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी झाला. जमिनीतून जाणाऱ्या भूकंपलहरींपैकी सर्वांत वेगवान लहरी सेकंदाला सुमारे सहा ते आठ किलोमीटर धावतात. म्हणजे स्फोटाचा धक्का शिरूर कासारच्या जमिनीखाली पाऊण मिनिटाच्या आतबाहेर पोचला असणार. अर्थात तो इतका क्षीण असणार, की सिंदफणेच्या काठावर उभ्या असलेल्या कुणालाही तो जाणवला नसता. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. आवाज इतक्या दूर टिकला असता तर त्याला इथे यायला तेरा मिनिटे लागली असती.

हे नुसते कागदावरचे हिशेब नाहीत. मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकाने दोन्ही स्फोटांची नोंद केली, आणि थेट सिमल्यालाही जमीन थरथरल्याची नोंद झाली. सिमल्याचे हे अंतर बऱ्याच ठिकाणी १,७०० किलोमीटर दिलेले आढळते. ते वाटेने मोजलेले असावे. भूकंपलहरी रेल्वेने किंवा रस्त्याने जात नाहीत. सरळ मोजले तर हे अंतर सुमारे १,४०० किलोमीटर भरते, आणि लहरींना ते कापायला तीन मिनिटे पुरतात. मुलांना अॅटलास देऊन हे अंतर त्यांच्याकडूनच मोजून घ्यावे. छापील आकडा तपासता येतो, हे त्यांना त्यातून कळेल.

आता बातमीचा वेग पाहू. स्फोटाचे तपशीलवार वृत्त बाहेर पाठवण्याची परवानगी बातमीदारांना मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने ही हकिगत २२ मे १९४४ च्या अंकात छापली, आणि तेव्हाही जगातल्या बहुसंख्य वाचकांना ती नवीच होती. खडकाला जे पाऊण मिनिटात कळले, ते कागदावर उतरायला महिना लागला.

पण जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, या स्फोटाचे सविस्तर वृत्त प्रसारित केले! ज्या शत्रूला कळू नये म्हणून सारी झाकपाक चालली होती, त्यानेच ती बातमी जगाला दिली.

ते दिवस

त्या वेळचे सरकार कसे होते, याची आठवण विद्यार्थ्यांना करून द्यावी लागेल. महायुद्ध चालू होते. ‘भारत संरक्षण नियमां’खाली वर्तमानपत्रांवर कडक नजर होती. ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेसचे नेते तुरुंगात होते. नेहरू, पटेल आणि मौलाना आझाद तर इथून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात स्थानबद्ध होते. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत चालवलेला गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ नोव्हेंबर १९४२ मध्ये पोलिसांनी पकडला होता. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली, तरी सरकारने अधिकृतपणे दुष्काळ जाहीर केला नव्हता. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे तर स्टेट काँग्रेसवर १९३८ पासून बंदी होती, आणि ती १९४६ पर्यंत उठली नाही. अशा काळात सरकारी बातमीवर लोकांचा विश्वास किती असणार!

सेन्सॉरची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य इम्फाळ-कोहिमाच्या दिशेने चालून आले होते. ब्रह्मदेशाच्या आघाडीला लागणाऱ्या सामग्रीसाठी मुंबई हे मोठे बंदर होते. हे बंदर महिनोनमहिने निकामी झाले आहे, हे शत्रूला कळू नये असे कोणत्याही सेनापतीला वाटेल. त्यात गैर काही नाही. प्रश्न असा आहे, की शत्रूला ते दुसऱ्या दिवशी कळल्यावरही बंदी महिनाभर का टिकली? आमच्या मते याचे उत्तर जहाजाच्या पोटात काय होते आणि ते कसे रचले होते, यात आहे. म्हणून आधी त्या जहाजात शिरू.

गाठीच्या पोटातली आग

‘फोर्ट स्टिकिन’ हे १९४२ मध्ये कॅनडात बांधलेले सुमारे सात हजार टनांचे जहाज. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाले. त्यात सुमारे १,३९५ टन स्फोटके आणि दारूगोळा होता, आणि त्यातली २३८ टन स्फोटके अतिसंवेदनशील वर्गातली होती. शिवाय लढाऊ विमाने होती आणि ३१ पेट्यांत भरलेले सोने होते. कराचीला काही माल उतरला, आणि रिकाम्या जागेत कापसाच्या गाठी, वंगणतेलाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड असे बरेच काही भरण्यात आले. पंजाब-सिंधमधला कापूस रेल्वेने मुंबईला आणण्यास त्या काळात मनाई होती, म्हणून तो जहाजावर चढला. दारूगोळ्याशेजारी कापूस आणि तेल! कॅप्टन नायस्मिथ यांनी या रचनेबद्दल आपला निषेध नोंदवला होता. तो कागदावर राहिला, आणि जहाज १२ एप्रिलला मुंबईत आले.

कापसाच्या आगीबद्दल बीड जिल्ह्यातल्या माणसाला फार सांगायला नको. वेचलेला कापूस ओला असताना दाबून ठेवला तर आत ऊब धरतो आणि पिवळा पडतो, हे घरोघरी माहीत असते. जिनिंग-प्रेसिंगमध्ये काम केलेल्यांना तर हेही ठाऊक असते, की रुईच्या गाठीला एकदा ठिणगी लागली की वरून विझलेली दिसणारी गाठही आत धुमसत राहते. याची कारणे दोन. गाठ कितीही दाबली तरी तंतूंच्या मध्ये हवा अडकलेली असते. तेवढ्या हवेवर ज्वाळा उठत नाही, पण निखारा सावकाश आत आत सरकत राहतो. दुसरे कारण असे, की कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणासारखा एक पातळ थर असतो आणि तो पाण्याला आत शिरू देत नाही.

हे वर्गात दाखवणे अगदी सोपे आहे. एका काचेच्या भांड्यात पाणी घ्या. बोंडातून काढलेल्या कापसाची सरकी काढून एक छोटा बोळा पाण्यावर ठेवा. शेजारी औषधाच्या दुकानातल्या कापसाचा तेवढाच बोळा ठेवा. दुकानातला कापूस पाणी पिऊन लगेच बुडू लागतो, कारण कारखान्यात त्यावरचे मेण काढून टाकलेले असते. शेतातला कापूस बराच वेळ कोरडाच तरंगत राहतो. मुलांना कारण लगेच सांगू नका; त्यांना तर्क करू द्या.

आता हाच प्रयोग जहाजाच्या आकारात कल्पून पाहा. दोन क्रमांकाच्या कोठारात तळाला कापूस होता आणि वरच्या मजल्यावर स्फोटके होती. दुपारी दोनच्या सुमारास कोठारातून धूर येत असल्याची ओरड झाली. धूर इतका दाट होता, की आग नेमकी कुठे आहे हेच कळेना. जवानांनी पाण्याचा मारा सुरू केला. तासाभरात नऊशे टनांहून अधिक पाणी जहाजात ओतले गेले. पण गाठीच्या पोटातल्या निखाऱ्यापर्यंत पाणी पोचत नाही. उलट पाण्याची पातळी चढू लागली की गाठी तरंगून वर येतात. म्हणजे आग विझवण्याचा प्रत्येक प्रयत्न पेटता कापूस स्फोटकांच्या अधिक जवळ नेत होता. थोड्या वेळाने जहाजातले पाणी उकळू लागले.

उकळू लागले म्हणजे किती उष्णता? ९०० टन पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर नेण्यासाठी सुमारे २६ कोटी किलोज्यूल लागतात. एक किलो कापूस जळाला की सुमारे १७ हजार किलोज्यूल उष्णता निघते. भागाकार केला तर साधारण साडेपंधरा टन कापूस, म्हणजे आजच्या १७० किलोच्या नव्वदएक गाठी पुरतात. एवढ्या गाठी म्हणजे जहाजातल्या कापसाचा लहानसा भाग. हे गणित दहावीच्या विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे.

अशा आगीवर खरा उपाय पाण्याचा नव्हता. कोठाराची झाकणे बंद करून आत वाफ सोडायची, म्हणजे हवा हाकलली जाते आणि आग गुदमरते. जहाजावर त्याची सोय होती, पण ती वापरली गेली नाही. जहाज समुद्रात ओढून न्यावे की जागीच बुडवावे, याचा खल चालू राहिला. अनेक खात्यांचे अधिकारी जमले होते, पण सगळ्यांना बांधील असा निर्णय कुणी घेईना. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम निघाला आणि सोळा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. जहाजाचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला. पेटत्या गाठी शहरावर कोसळल्या आणि गोदीभोवतालचा सुमारे दोन चौरस किलोमीटरचा भाग पेटला. शेजारची अकरा जहाजे बुडाली किंवा बुडण्याच्या बेतात आली. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले, आणि मलबा उपसून गोदी पुन्हा चालू करायला आठ हजार माणसांना सात महिने राबावे लागले.

किती माणसे मेली? सरकारी आकडा सातशेच्या घरात आहे. इतर अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत जातात. ही तफावत केवळ लपवाछपवीमुळे नाही. गोदीतले मजूर तेव्हा टोळीवाल्यांमार्फत रोजंदारीवर लावले जात. ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही, तो मेला हे सिद्ध कसे करायचे? गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा आला तो १९४८ मध्ये.

गुपित कुणापासून?

चौकशी आयोग नेमला गेला. त्यातून ज्या चुका पुढे आल्या त्यांकडे शिक्षकांनी बारकाईने पाहावे. दारूगोळ्याखाली कापूस रचणे, स्फोटके उतरवायला दिरंगाई करणे, वाफेचा उपयोग न करणे, शहराच्या अग्निशामक दलाला उशिरा कळवणे. आणि आणखी एक. धोकादायक माल असलेल्या जहाजाने लाल निशाण लावायचे असते. ‘फोर्ट स्टिकिन’वर ते निशाण नव्हते.

या शेवटच्या चुकीपाशी आम्ही नेहमी थबकतो. लाल कापडाचा एक तुकडा. तो लावला असता तर आग लागली नसती असे नाही. पण शेजारच्या जहाजांना, धक्क्यावरच्या हमालांना आणि धावत आलेल्या जवानांना आपण कशाजवळ उभे आहोत हे एका नजरेत कळले असते. शांततेच्या काळात अशी जहाजे गोदीत आणण्याऐवजी बाहेरच पडावांमध्ये रिकामी करण्याचा शिरस्ता होता. युद्धाच्या घाईत तो मोडला होता. दारूगोळा ही रोजचीच गोष्ट झाली होती, आणि तो कुठे आहे हे न बोलण्याचीही सवय झाली होती.

म्हणजे बातमी दडपण्याची सुरुवात स्फोटानंतर झाली असे मानणे चुकीचे ठरेल. ती आधीच झाली होती. जे गुपित शत्रूपासून राखायचे होते ते प्रत्यक्षात आपल्याच माणसांपासून राखले गेले, आणि अपघाताच्या कारणांत त्याचाही वाटा होता. स्फोटानंतरच्या सेन्सॉरशिपने तेच पुढे चालवले. स्फोट झाला, हे तर सारी मुंबई डोळ्यांनी पाहत होती. तो लपवणे कुणालाच शक्य नव्हते. तपशील रोखून धरले गेले. कोणते जहाज, त्यात काय होते, ते कसे रचले होते, कुणी काय कळवले नाही, हे सारे त्या तपशिलांत येते. सुधीश घटक या छायाचित्रकाराने स्फोटाचे आणि नंतरच्या हानीचे चित्रीकरण केले होते. ती फिल्म लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त केली. पुढे तिचे काही भाग वृत्तपटात दाखवले गेले.

बातमी नसली की अफवा येते. जपान्यांनी हल्ला केला, असेच अनेकांना वाटले, आणि ते स्वाभाविक होते. गोदीलगतच्या गोदामांत पन्नास हजार टनांहून अधिक धान्य जळाले. बंगालच्या दुष्काळानंतर वर्षही झाले नव्हते. किती धान्य गेले आणि किती उरले हे खात्रीने कळत नसले की व्यापारी माल दाबून ठेवतो आणि गिऱ्हाईक घाबरून जास्त घेते. त्यानंतर धान्याचा काळाबाजार माजला.

याच युद्धात, साडेचार महिने आधी, इटलीतल्या बारी बंदरात याहून भेदक प्रकार घडला होता. २ डिसेंबर १९४३ रोजी जर्मन विमानांनी तिथे दोस्त राष्ट्रांची जहाजे बुडवली. त्यातल्या ‘जॉन हार्वे’ या अमेरिकी जहाजात मस्टर्ड वायूचे बॉम्ब होते, आणि ही गोष्ट गुप्त होती. समुद्रातून काढलेल्या खलाशांच्या अंगाला ते विषारी द्रव्य मिसळलेले तेल लागले होते. इस्पितळातल्या डॉक्टरांना याची कल्पनाच नसल्याने भिजल्या कपड्यांनिशीच त्यांना पांघरुणे देण्यात आली. सहाशेहून अधिक जण विषबाधेने आजारी पडले आणि ऐंशीहून अधिक दगावले. लोकशाही राष्ट्रांच्या सैन्यातच हे घडले, हे विसरू नये. गुप्ततेची सवय लागायला हुकूमशाहीच लागते असे नाही. हुकूमशाहीत ती मोडायला कुणी नसते, एवढेच.

उरलमधले मासे

शांततेच्या काळात, पूर्ण पोलादी पडद्याआड काय घडते, याचे उदाहरण सोव्हिएत रशियात सापडते. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक सोडला आणि जगभर डंका पिटला. त्याच्या अवघ्या पाच दिवस आधी, २९ सप्टेंबरला, उरल पर्वताच्या पूर्वेला मायाक येथील अणुकारखान्यात किरणोत्सारी कचऱ्याच्या टाकीचा स्फोट झाला होता. अशा कचऱ्यातून सतत उष्णता निघत असते, म्हणून टाकी थंड ठेवावी लागते. शीतकरण बंद पडले, पाणी आटले आणि उरलेले कोरडे क्षार तापून उडाले. शेकडो किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात किरणोत्सारी धूळ पसरली. त्या रात्री आकाशात दिसलेल्या लालसर प्रकाशाचे स्पष्टीकरण स्थानिक वर्तमानपत्रात आले ते ‘ध्रुवीय प्रकाश’ असे. कारखाना ज्या शहरात होता ते शहरच नकाशावर नव्हते, तर अपघात कुठला?

ही बातमी फुटली ती मात्र विज्ञानाच्या वाटेने. झोरेस मेदवेदेव हे देशाबाहेर पडलेले रशियन जीवशास्त्रज्ञ. १९७६ मध्ये ब्रिटनच्या ‘न्यू सायंटिस्ट’मध्ये लिहिताना त्यांनी या स्फोटाचा सहज उल्लेख केला. सगळ्यांना तो ठाऊकच असेल, अशी त्यांची समजूत होती. ब्रिटनच्या अणुऊर्जा विभागाच्या प्रमुखांनी ते विधान निरर्थक ठरवले. तेव्हा मेदवेदेव ग्रंथालयात बसले आणि रशियातच उघडपणे छापलेले शोधनिबंध वाचू लागले.

त्या निबंधांत स्ट्रॉन्शियम-९० ने दूषित झालेल्या तळ्यांतले मासे, जंगलातली झाडे, प्राणी यांच्यावरचे अभ्यास होते. ठिकाण कुठेही दिलेले नव्हते. सेन्सॉरने ते काढून टाकले होते. पण वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या जातींची नावे कोण काढणार? ती एकत्र ठेवली की उरलचा प्रदेश समोर येई. अभ्यासाच्या वर्षांतून मागे मोजले की दूषणाचा काळ निघे. एका अभ्यासासाठी मोठ्या शिकारी माशांचे इतके नमुने घेतले होते, की तेवढे मासे पुरवणारे तळे काही चौरस किलोमीटरचे तरी हवे. आता प्रयोगासाठी म्हणून एवढे मोठे तळे कुणी मुद्दाम किरणोत्सारी करील का? हे सारे तर्क मेदवेदेव यांनी १९७९ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. सोव्हिएत सरकारने अपघात कबूल केला तो १९८९ मध्ये. गंमत अशी, की अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याला याचा सुगावा आधीच लागला होता, पण त्यांनीही तोंड उघडले नव्हते. आपल्याकडचे अणुप्रकल्प नुकते उभे राहत असताना लोकांना अशी उदाहरणे कशाला द्या, हा हिशेब त्यामागे असावा असे अनेकांना वाटते.

शिक्षकांना सुचवावेसे वाटते, की वरच्या वर्गातल्या मुलांसमोर मेदवेदेव यांचे हे काम गुप्तहेरकथेसारखे ठेवावे. त्यात एकही चोरलेला कागद नाही. सगळा पुरावा छापील आहे. फक्त अन्नसाखळी, अर्धायुष्य आणि प्रदेशनिष्ठ जाती या तीन धड्यांचा एकत्र उपयोग करायचा.

चेर्नोबिलच्या वेळी गुपित याहून लवकर फुटले, कारण वाऱ्यावर सेन्सॉर बसवता येत नाही. स्फोट झाला २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे. २८ तारखेच्या सकाळी सुमारे ११०० किलोमीटरवर, स्वीडनमधल्या फॉर्समार्क अणुवीज केंद्रात, कामावर आलेल्या माणसाच्या बुटांमुळे किरणोत्सारमापक वाजू लागले. आधी त्यांनी स्वतःचेच केंद्र तपासले. त्यात बिघाड नव्हता. वाऱ्याची दिशा उलटी लावत गेल्यावर बोट रशियाकडे वळले. त्याच रात्री मॉस्कोने चार-पाच वाक्यांचे निवेदन काढले. तरीही १ मे रोजी कीव शहरात मुलाबाळांसह मिरवणूक निघालीच.

पण चेर्नोबिलची गुप्तताही स्फोटानंतर सुरू झाली नव्हती. त्या प्रकारच्या अणुभट्टीत नियंत्रक दांड्यांच्या खालच्या अंगाला ग्रॅफाइटचा भाग जोडलेला असे. दांडी पूर्ण वर असताना ती खाली सोडली, की पहिले काही क्षण हा ग्रॅफाइट तळाच्या पाण्याची जागा घेई, आणि अभिक्रिया मंदावण्याऐवजी तिथे क्षणभर वाढे. ब्रेक दाबावा आणि गाडीने आधी उसळी घ्यावी, तसा हा प्रकार. १९८३ मध्ये लिथुआनियातल्या इग्नालिना केंद्रात हा दोष दिसून आला होता. त्याआधी १९७५ मध्ये लेनिनग्राडच्या भट्टीत झालेल्या अपघातानेही इशारा दिला होता. ही माहिती वर गेली आणि तिथेच राहिली. २६ एप्रिलच्या रात्री भट्टी बंद करण्याचे बटण दाबणाऱ्यांना ती कुणी सांगितलेली नव्हती. व्हिक्टोरिया गोदीतल्या जवानांना जे निशाण दिसले नाही, ते इथे या स्वरूपात लपलेले होते.

चेर्नोबिलनंतर सहा महिन्यांच्या आत, सप्टेंबर १९८६ मध्ये, अणुअपघाताची सूचना शेजारी देशांना ताबडतोब देण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. मुंबईच्या स्फोटाने आपल्याला अग्निशमन सप्ताह दिला. पण गोदीच्या कथेत लोकांच्या ओठांवर राहिले ते सोनेच. ३१ पेट्या, प्रत्येकीत चार विटा, एकेक वीट सुमारे १२.७ किलोची, एकूण दीड टनाहून थोडे अधिक. त्यातल्या काही दूर घरांवर जाऊन पडल्या, तर काही गोदीच्या चिखलात रुतल्या. गाळ काढताना १९७० च्या दशकापर्यंत त्या अधूनमधून सापडत राहिल्या आणि सरकारजमा होत गेल्या. त्या गाळात सोने तेवढेच नव्हते. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथून सुमारे ४५ किलोचा एक तोफगोळा बाहेर आला. सदुसष्ट वर्षांनंतरही तो जिवंत होता. लष्कराने तो निकामी केला.